दर्याला काय सांगायचं

नारळी पौर्णिमेला चांगुणाबाई हर्णैच्या धक्क्यावर नारळ घेऊन उभी होती. समोरचा दर्या ताटातल्या पाण्यासारखा निपचित होता. जगभरच्या समुद्रांवर लाटा शमवणारे तराफे सोडल्याला सात वर्षं झाली होती; तेव्हापासून गावाची एकही होडी बुडाली नव्हती.

शेजारी उभी असलेली तिची लेक प्रणिता भूकंपमापन केंद्रात कामाला होती. लाटा उसळल्या की समुद्रतळ बारीक थरथरतो, ती थरथर पृथ्वीच्या पोटातून आरपार जाते आणि तिच्यावरूनच केंद्राला गाभा दिसायचा. शेवटच्या चित्रात गाभ्याजवळ काहीतरी सरकू लागलं होतं. मग लाटा थांबल्या आणि पुढचं चित्र आलंच नाही.

"आये, यंदा त्याला शांत हो म्हणू नको," प्रणिता म्हणाली. "जरा उसळ म्हण."

चांगुणाबाईने नारळाला हळद-कुंकू लावलं.

"सासूने मला शांत हो एवढंच शिकवलंय गो. उसळ म्हणायचं तर तूच म्हण."

तिने नारळ लेकीच्या हातात दिला. प्रणिता पाण्यापाशी गेली. तिचा बाप याच पाण्यात गेला होता, तराफे येण्याच्या आदल्या वर्षी.

तिने नारळ सोडायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.