प्रतिस्पर्ध्याची कमजोरी

उद्योजकतेच्या तासाला पदवीची मुलं धंद्याचा आराखडा घेऊन फळ्यापुढे आली आणि मॅडमनी पेन सरसावलं. ‘ज्याचं गिऱ्हाईक ओढायचंय त्याच्या दुकानात जाऊन बसा, कमजोरी शोधा,’ हा धडा त्यांचाच. मुलांना घड्याळदुरुस्ती घरपोच करायची होती. पडद्यावर प्रतिस्पर्ध्याचं दुकान झळकलं. खुर्चीवर निळी उशी होती, मॅडमनी शाळेत असताना बाबांसाठी शिवलेली. ‘मालक म्हातारे आहेत, हात थरथरतात,’ एकजण रंगात येऊन म्हणाला. ‘आम्ही उतरलो की सहा महिन्यांत गाशा गुंडाळतील.’ वर्ग हसला. ‘हे कुणी सांगितलं?’ ‘त्यांनीच, मॅडम. चहाही पाजला.’ मॅडमनी पैकीच्या पैकी गुण लिहिले. हात जराही थरथरला नाही. तास संपल्यावर त्यांनी फोन लावला. ‘बाबा, मुलं आली होती?’ ‘आली होती गं. तुझीच ना? म्हणून तर सगळं सांगितलं. मार्क चांगले दे हं.’ ‘दिलेत.’