मोठ्यांना विचारून

"नुसतं ‘दार उघडणे’ लिहून कसं चालेल?" आई म्हणाली. "कोणासाठी, केव्हा, कोणाला विचारून, सगळं लिहावं लागतं. नाहीतर गडी आपल्या मनाने काहीतरी करून बसेल."

"मग लिही ना. म्हणून तर तुला सांगतोय," मोठा म्हणाला.

गडी म्हणजे त्यांचं घर सांभाळणारा एआय. दिवे, गीझर, बाल्कनीतल्या कुंड्यांचं पाणी, बाहेरच्या दाराचं कुलूप, सगळं त्याच्या हाती. यातलं प्रत्येक काम कसं करायचं याचं चार ओळींचं वर्णन असायचं आणि गडी ते वाचून वागायचा. अशी वर्णनं लिहिणं हा आईचा पोटापाण्याचा उद्योग. गडी बनवणाऱ्या कंपनीत तिच्याइतकं नेटकं कोणी लिहीत नसे. कुंड्यांचं वर्णन तेवढं एकदा मोठ्याने हौसेने लिहिलं होतं, ‘रोज पाणी सोडावे.’ बंद कधी करावे, ते लिहायचं राहिलं. त्या दिवशी दिवाणखान्यातल्या गालिच्यावर पाणी सोडावं लागलं, दोन्ही अर्थांनी.

मध्यंतरी आई ऑफिसच्या पायऱ्यांवरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. धाकटा परदेशात, तेव्हा मोठाच बॅग भरून तिच्याकडे राहायला आला. मनगट जुळलं, प्लास्टर निघालं, पण मोठ्याच्या मनातली भीती काही निघेना. सोमवारपासून आईला कामावर जायचं होतं. तिने एकटीने बाहेर पडायचं नाही, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. आता दाराला तसं शिकवायचं होतं. कुंड्यांच्या अनुभवानंतर ते स्वतः लिहायची त्याची छाती नव्हती.

"म्हणजे माझ्या कोंडवाड्याची पाटी मीच रंगवायची."

"कोंडवाडा काय म्हणतेस? काळजी आहे ती."

"काळजीला कुलूप लागत नाही, बाळा."

मोठ्याने मान खाली घातली, पण हेका सोडला नाही. आईच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर स्वतः कमावून खाल्लं आणि आता उंबऱ्याशी उभं राहून परवानगी मागायची? पण हा मुलगा वाद घालून कधीच हललेला नव्हता, अगदी लहान होता तेव्हाही नाही. तिने कीबोर्ड पुढे ओढला.

"तू सांग, मी लिहिते. तू हो म्हटल्याशिवाय एक शब्द लिहिणार नाही. मागाहून आईने फसवलं म्हणायला नको. आधी घराची ओळख. ‘या घरात आई आणि तिचा मुलगा राहतात. मुलाला मोठा म्हणतात.’ बरोबर?"

"बरोबर. आता लिही, मोठ्याला विचारल्याशिवाय कोणासाठीही दार उघडू नये."

"कोणासाठीही कशाला? सरळ ‘आईसाठी’ लिहिते की."

मोठा जरा ओशाळला. "नको, बरं दिसत नाही ते. कोणासाठीही लिही."

आईची बोटं थांबली. "आणि ‘मोठ्याला’? गडी तुला अरे-तुरे करेल. ‘मोठ्यांना’ लिहू?"

"हो, मोठ्यांना. जरा अदबीने वागू दे त्याला."

"आग, धूर असं काही झालं तर?"

"तर न विचारता उघडायचं."

"आणि हे वर्णनच कोणाला बदलायचं असलं तर?"

मोठा हसला. आईच्या मनातलं आपण बरोब्बर ओळखलं, असं त्याला वाटलं. "तेही मोठ्यांना विचारूनच. तुझा काही भरवसा नाही."

"नाहीच," आई म्हणाली आणि तिने तसं लिहिलं.

मोठ्याने सगळं दोनदा मोठ्याने वाचून काढलं. कुठे फट दिसली नाही. सेव्हचं बटण त्याने स्वतःच दाबलं.

रविवारी आई ऑफिसच्या कपड्यांना इस्त्री करत बसली. ते पाहून मोठ्याला कसंसंच झालं. त्याने न सांगता चहा केला. तिने तो शांतपणे प्यायला.

सोमवारी सकाळी त्याची मीटिंग होती. बूट घालून तो दाराशी आला, तर आई तिथेच खुर्चीत बसलेली, इस्त्रीचे कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन. तिच्याकडे बघवेना.

"संध्याकाळी आपण दोघं फिरून येऊ, आई."

"बघू," ती म्हणाली.

"दार उघड रे," मोठा गड्याला म्हणाला.

"एक मिनिट हं. आधी मोठ्यांना विचारतो."

"अरे, मीच मोठा."

"हो, तू मोठा. पण विचारायचंय मोठ्यांना," गडी म्हणाला, आणि मग त्याचा आवाज एकदम अदबीचा झाला. "आई, मोठा बाहेर जायचं म्हणतोय. जाऊ देऊ का त्याला?"