भावानं बांधलेलं घर

भिंतीवरचं कॅलेंडर सुलभाताईंनी नुसतं बाजूला सारलं, तर खिळ्यासकट गिलावा खाली आला. मागे बोट जाईल एवढी भेग होती.

बँकेसाठी घरांची किंमत ठरवणं हे त्यांचं रोजचं काम. आजचं घर मात्र धाकट्या भावानंच बांधून विकायला काढलेलं.

"ताई, पुट्टी मारली की दिसणारही नाही. तू किंमत नीट लाव, भाऊबीजेला पैठणी तुझी," तो हसत म्हणाला.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दिगू, घर पक्कं आहे ना? मग पावसाळाभर आईला आणून ठेवते इथे."

भावाची नजर आपसूक वर स्लॅबकडे गेली. "आईला कशाला?" तो पुटपुटला.

"पैठणी बायकोला ने. बँकेला मी हेच लिहिते," म्हणत त्यांनी पेनाचं टोपण काढलं.