दसऱ्याची तपासणी

बन्नीमंटपच्या रस्त्यावरच्या सरकारी शाळेच्या छताचे पोपडे पडायला लागून चार वर्षं झाली होती. अर्ज करकरून मुख्याध्यापिका तुंगाबाईंची बोटं झिजली. पण इंजिनियर चिदंबर दरवेळी यायचा, दारातूनच मान वर करून बघायचा आणि लिहून जायचा, 'छत मजबूत. मुलांना धोका नाही.'

यंदा शाळेसमोरून जाणारी दसऱ्याची मिरवणूक बघायला साहेबलोकांना बायकामुलांसकट याच शाळेची गच्ची हवी होती. चिदंबर पहिल्यांदाच जिना चढला. गच्चीवर दोन पावलं टाकली आणि घाम पुसत खाली आला. उभ्या उभ्याच लिहिलं, 'छत धोकादायक. वर एक खुर्चीसुद्धा ठेवू नये.'

तुंगाबाईंना वाटलं, चामुंडी पावली.

"अय्यो, बरं झालं सार! आता तरी दुरुस्ती मंजूर होईल ना?"

"दुरुस्ती कशाला, मेडम?" चिदंबर पेनाचं टोपण लावत म्हणाला. "साहेबांची सोय समोरच्या गच्चीवर केली की. सुट्टी संपली की खुशाल शाळा भरवा तुम्ही. मुलं काय छतावर बसतात होय? खालीच तर बसतात."