काचपेटीतलं पाणी

कमलचा नवरा आनंदा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला फाउंटनकडे गेला, तो तीन दिवस परतला नव्हता. घोडपदेवच्या खोलीत त्याने हौसेने आणलेली माशांची काचपेटी होती. तिच्यातलं पाणी आता रोज दुपारी गढूळ व्हायचं आणि मग तांबूस.

“दाणे जास्त पडतायत, वहिनी. वाळू पण धुवा,” शेजारचे गुणाजी म्हणाले.

कमलने दाणे कमी केले, वाळू धुतली. मासे ठणठणीत होते, पाणी मात्र तांबूसच.

चौथ्या दिवशी तिने मासे बादलीत सोडले आणि पेटी कोरडी पुसून खिडकीत ठेवली.

दुपारी गुणाजी दारात आले. “वहिनी, आनंदाचा पत्ता लागला,” एवढंच म्हणाले आणि तिच्या मागे बघत राहिले.

कमल वळली. पेटी काठोकाठ भरली होती.

तिने बोट बुडवलं. पाणी कोमट होतं.