पाच चिंचोके, एक फुटका

"रिकामं सोडलं तर पुढेच जात नाही, मॅडम," केतन म्हणाला. "'अज्ञात' टाका आणि मोकळ्या व्हा."

"अज्ञात टाकणार नाही," विनिता म्हणाली.

संगणकाच्या पडद्यावर गोधडी पसरली होती. सातशे फोटो जोडून केतनने त्यांचं एकच चित्र केलं होतं. मोठं करत गेलं की टाक्यातल्या दोऱ्याचा पीळसुद्धा दिसे. कुठल्याही तुकड्यावर बोट ठेवलं की त्याची माहिती उघडे: कापड कुठलं, रंग कसला, सांगितलं कुणी. सगळे रकाने भरले होते. 'कारागीर' तेवढा राहिला होता.

विनिताने वीस वर्षं संग्रहालयांतल्या पाट्या वाचल्या होत्या. राजाचं नाव, दान देणाऱ्या शेटजींचं नाव, आणि शिवणारीच्या जागी 'अज्ञात'. त्या शब्दाचा तिला संताप यायचा. पनवेलच्या दोन खोल्यांत हा सगळा खटाटोप तिने त्या एका रकान्यासाठीच मांडला होता. गोधडीवरचा तिचा शोधनिबंध एकदा इंटरनेटवर प्रसिद्ध झाला की त्याला कायमचा क्रमांक मिळतो. मग त्यातलं अक्षरही बदलता येत नाही. त्यामुळे नाव हवं होतं, आणि खरं हवं होतं.

गोधडी जवळच्या नेरे गावच्या कमळाबाईंच्या घरची, सत्तर वर्षांपूर्वीची. त्यांचा मुलगा दीपेश बिल्डर. दर मंगळवारी तो त्यांना गाडीने पाठवी. बरोबर शुक्री असे, त्यांच्याच जागेत झोपडी असलेली म्हातारी कातकरीण. कमळाबाई खुर्चीत बसत. शुक्री दाराशी, चपलांच्या शेजारी.

"हे माज्या सासूचं लगनातलं लुगडं," कमळाबाई पडद्यावर बोट टेकवत. "हौसाबायचं. आन ह्यो काठ बग, ह्यो दिवालीचा."

एकही तुकडा चुकत नसे. गावच्या जुन्या लग्नाच्या फोटोत विनिताला तोच काठ सापडला, तेव्हा तर तिने केतनला पेढे आणायला पाठवलं.

"ही कोणी वापरली नाही का? फार झिजलेली दिसत नाही."

"नाय. चांगली म्हनून पेटीतच ठेवलेली."

"टाके उलट्या बाजूला झुकलेत. सासूबाई डावखुऱ्या होत्या का?"

"आसंल. मना तं आटवत नाय."

चहा आला. शुक्रीने कपासाठी हात पुढे केला.

"उजव्या हातानं घे गो," कमळाबाई खेकसल्या. शुक्रीने हात बदलला.

गोधडीच्या एका कोपऱ्यात काहीतरी टणक लागत होतं. विनिताने विचारलं, "आत काय आहे?"

कमळाबाईंनी कोपरा चाचपला. पहिल्यांदाच त्या अडल्या. "आटवून सांगते," म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी खुर्चीत टेकायच्या आतच त्यांनी सांगितलं, "पाच चिंचोके हायेत. एक फुटका."

गोधडी उसवायची नव्हती. केतनचा एक मित्र दातांचा डॉक्टर. त्याच्या खुर्चीवर पेशंटऐवजी गोधडीचा कोपरा ठेवला आणि एक्स-रे काढला. चार चिंचोके अख्खे, पाचवा दोन तुकड्यांत.

विनिताने ते दोनदा मोजले. आतलं गुपित शिवणारीलाच ठाऊक असणार, आणि तिने सांगितलं असलं तर सुनेलाच. यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

"पण पाचच का? आणि फुटका कशाला घालतील?" केतनने विचारलं. "या हौसाबाईंना तर एकच मुलगा."

"पाच हा शुभ आकडा. फुटका मुद्दाम घातलाय, दृष्ट लागू नये म्हणून," विनिता म्हणाली. तशी टीप तिने एक्स-रेखाली लिहिली. मग रिकाम्या रकान्यात नाव भरलं: हौसाबाई. डोळे पुसले आणि बटण दाबलं.

दीपेशने नेऱ्याच्या फार्महाउसवर कार्यक्रम ठेवला. मांडव, मोठा पडदा, कमळाबाईंना शाल-श्रीफळ. विनिता भरभरून बोलली. शेवटी तिने तो कायमचा क्रमांक वाचून दाखवला. "आता हे नाव जगात कुणालाही पुसता येणार नाही," ती म्हणाली. टाळ्या थांबेनात. कमळाबाई मात्र मान खाली घालून शालीचे गोंडे चाळवत बसल्या होत्या.

मागच्या अंगणात शुक्री कप विसळत होती. ही दर मंगळवारी आली आणि तिला कुणी काही दाखवलंच नाही, असं वाटून विनिता टॅब घेऊन तिच्याशेजारी उकिडवी बसली.

"बघा शुक्रीमावशी. कोपरा न उसवता आतलं दिसतंय."

शुक्रीने हात पदराला पुसले. एक्स-रेकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"मालकिनीनं इचारलं, तवा मीच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "बराबर हाय. जेवडी पोरं तेवडे चिंचोके."

"कुणाची पोरं?"

"पोरांसाटीच शिवलेली ना ती, बाय. थंडीची. लुगडी मोठ्या घरातली, टाकलेली. शिवून झाली तं चांगली म्हनून त्यांनीच ठेवली."

शुक्रीने डाव्या हाताचं बोट पडद्यावर ठेवलं.

"ह्यो शुक्रा. ह्यो मंगळ्या. ही बुधी." फुटक्या चिंचोक्यापाशी बोट थांबलं. "ह्यो सुदाम. पाचवी पुजली आन गेला. आयनं म्हनून फोडून घातला."

मग बोट शेवटच्या चिंचोक्यावर गेलं.

"आन ही मी."