साठ मीटरवरून पूल

"सोमवारपर्यंत चोर सापडला नाही तर त्या लोटनला घरी बसवा!" ठेकेदार शेठ नाशिकहून ओरडत होते. साइट इंजिनियर रंजिता मॅडमनी फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे दारात उभ्या असलेल्या राखणदार लोटन आप्पांनीही ते ऐकलं.

"पुराव्याशिवाय मी कुणाला काढणार नाही," मॅडम म्हणाल्या. "दर महिन्याचं ड्रोनचं शूटिंग आहे. अझरुद्दीन ते तपासेल."

अझरुद्दीन ड्रोनची पाती पुसत होता. त्याला हे काम कुणी विचारून दिलं नव्हतं.

तळोद्यात तो लग्नांचं शूटिंग करायचा. डोंगराकडच्या रस्त्यावर नदीवर पूल सुरू झाला आणि हे काम मिळालं. दर महिन्याच्या पाच तारखेला, सकाळी अकराला, त्याच जागेवरून, त्याच वाटेने, साठ मीटर उंचीवरून उडवायचं. शेवटी सगळं जोडलं की पूल नदीतून आपोआप वर येताना दिसणार. लग्नात नवरदेव घोडीवर नीट बसला नाही तर पुन्हा बसवता येतो. पुलाचा एक महिना हुकला की हुकला.

आजवर एकही हुकला नव्हता. पण दिवाळीपासून दर महिन्याला काही सळया आणि सिमेंटच्या गोण्या कमी भरत होत्या. साइटवर मुक्कामाला एकटे लोटन आप्पाच, म्हणून सगळ्यांनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता.

दुपारी आप्पा डबा उघडून नुसतेच बसले.

"चाळीस वरीस राखण करी मी," ते म्हणाले. "आते चोर म्हनीसन घर जाऊ का? पुढला महिनामा नातनं लगीन शे. लोके काय म्हनतीन?"

"तुम्ही जेवी ल्या, आप्पा. मी शे ना."

अझरुद्दीन हे बोलून तर बसला, पण आप्पांनी चोरी केली नसेल तर केली कुणी, हे त्यालाही कळत नव्हतं. मॅडमच्या नजरेतून काही सुटत नसे. विसरवाडीकडून मालाचा ट्रक आला की त्या स्वतः वरच्या पाड्याच्या फाट्यावर जात, ट्रक थांबवून सळया मोजत आणि मगच साइटवर सोडत. बाई रनाळ्याच्या शेतकऱ्याची मुलगी. पण साइटवर त्यांच्या तोंडून अहिराणीचा शब्द कुणी ऐकला नव्हता. मजूर त्यांना टरकून असत.

अझरुद्दीनला त्या मुळीच आवडत नसत. दिवाळीच्या आधी वरच्या पाड्यावरच्या बायका आल्या होत्या. पावसाळ्यात नाला भरला की पोरांची शाळा चार महिने बंद पडते, एवढा मोठा पूल बांधताय तर आम्हाला एक छोटा बांधून द्या, असं त्यांचं म्हणणं. "नकाशात नाही," एवढं बोलून मॅडमनी मान खाली घातली होती. उन्हातून दोन कोस चालून आलेल्या बायका तशाच परत गेल्या. त्या दिवशी त्याला मॅडमचा फार राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लॅपटॉप उघडला. नोव्हेंबर ते मार्च, पाच उड्डाणं. त्याने ट्रक पाहिले, गोदाम पाहिलं, झोपडी पाहिली. आप्पा प्रत्येक महिन्यात होते. एकदा शेळ्या हाकलताना, एकदा चक्क ड्रोनकडे बघून हात करताना. चोर मात्र कुठेच नव्हता.

मग त्याने पाचही चित्रं शेजारी शेजारी लावली. पूल बघून बघून डोळे विटले होते, म्हणून कडा बघायला लागला. वर डाव्या कोपऱ्यात, नदीला मिळणाऱ्या नाल्यावर, सागाची गर्दी होती. नोव्हेंबरात नुसती पानं. डिसेंबरात पानांमध्ये दोन करडे ठिपके. जानेवारीत चार. फेब्रुवारीत पानं गळाली होती आणि ठिपक्यांवर बांबूंचा आधार उभा होता. मार्चमध्ये तिथे अरुंद साकव होता. त्यावरून मोळी घेतलेली एक बाई चालली होती आणि तिच्यामागे दप्तरं घेतलेली दोन पोरं.

अझरुद्दीनला आधी आनंद झाला आणि लगेच भीती वाटली. हे दाखवलं तर आप्पा सुटतील आणि साकव तुटेल. नाही दाखवलं तर साकव राहील आणि आप्पा चोर ठरतील. त्याने पाड्यावरच्या माणसांना मनातल्या मनात शाबासकी दिली, शिव्याही घातल्या. बाहेर आप्पा आपलं अंथरूण गुंडाळून दोरीने बांधत होते. ते पाहिल्यावर त्याला राहवेना.

तो लॅपटॉप घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेला.

"मॅडम, आप्पांनी काही केलेलं नाही. पण एक विनंती आहे. पाड्यावरच्यांवर केस करू नका. पोरांसाठी केलंय त्यांनी."

मॅडमनी पाचही चित्रं पाहिली. उठून दार लावून घेतलं. परत येऊन मार्चचं चित्र मोठं केलं आणि साकवाच्या उघड्या कडेवरून बोट फिरवलं.

"शेठले मी सांगसू, मोजामा मन्हीच चूक व्हयनी," त्या हळूच म्हणाल्या. "आप्पाले कोनी हात लावाव नही. तू तो कोपरा कापीसन धाड. आनि पुढला महिनामा जरा खाले उडाव, म्हनजे नाला दिसाव नही. कठडा बाकी शे आजून."